शोभे, गुडघ्याचं कारण सांगू नको

अंबाजोगाई,
रविवार

प्रिय शोभा,

तुळजापूरला येत नाहीस म्हणे, गुडघा दुखतोय. परळीहून येताना एसटीत शिंक आली तशी तू पाय आवळून बसलीस, ते मी पाहिलं गं. हेच दुखणं मी चार वर्षं साडीच्या निऱ्यांत लपवलंय.

हसलं, खोकलं, हंडा उचलला की लघवी सुटते. बाळंतपणं, पाळी जाणं, वाढलेलं वजन, जुना खोकला, शौचाला कुंथणं, यानं खालचे स्नायू सैल पडतात. एकदम घाई लागून मोरीपर्यंत पोचता येत नाही, तो प्रकार वेगळा, औषधंही वेगळी. तुझं कोणतं ते डॉक्टरीणबाईला लाज न धरता सांग. लघवीत जंतू नाहीत ना, हे त्या आधी तपासतील.

मला फिजिओथेरपीवाल्या ताईनं व्यायाम शिकवला. लघवी आणि वारा दोन्ही रोखतो तसं आत-वर ओढायचं, धरायचं, सोडायचं. दिवसातून तीनदा, दर वेळी निदान आठदा. पहिला महिनाभर मी नुसतं पोटच आवळायले होते! ताईनं तपासलं तेव्हा कळलं. तीन महिने नेटानं कर, त्याआधी गुण नाही म्हणू नको. शिंक यायच्या आत आवळायचं, ही युक्ती मला सगळ्यात आधी कामी आली. लघवी करताना मधेच थांबवून सराव मात्र करू नको.

आणि पाणी तोडू नको. टँकरच्या दिवसांत शिकलेली ती सवय. लघवी गडद होऊन उलट जळजळ वाढते. माझं वजन थोडं उतरलं, त्यानंही फरक पडला.

एवढ्यानं भागलं नाही तर योनीत बसवायची रिंग असते, मूत्रमार्गाजवळ इंजेक्शन असतं, आणि मूत्रमार्गाला खालून आधार द्यायला पट्टी टाकायचं ऑपरेशन. पट्टी जाळीची की आपल्याच अंगातल्या पडद्याची, हे विचारून घे. जाळीचा त्रास झाल्याच्या तक्रारींवरून ब्रिटननं २०१८ साली तशी ऑपरेशनं थांबवली होती. गुण खूप जणींना येतो, पण जाळी पुन्हा काढणं सोपं नसतं.

कुणी यासाठी गर्भपिशवीच काढून टाका म्हणालं, तर तिथून सरळ उठून ये. पिशवी काढून हे थांबत नाही. आपल्या बीडकडं ऊसतोड बायांच्या पिशव्या किती सहज काढल्या, ते तू ऐकलंच आहेस.

माझं पूर्ण थांबलं नाही अजून. जोराचा खोकला आला की थेंब येतोच. तरी तुळजापूरला खिडकीची जागा तुझ्यासाठी धरते. थैलीत एक जास्तीचा परकर टाक, मीही टाकणारच आहे.

तुझीच,
सुमन