थकलेल्या चुकाऱ्यासाठी तीनच वर्षे

महोदय,

खासगी व्यापाऱ्यांकडे अडकलेल्या कापसाच्या चुकाऱ्यांविषयीच्या आपल्या दैनिकातील वृत्तात ‘शेतकरी केव्हाही दिवाणी दावा लावू शकतो’ असे म्हटले आहे. हे विधान कायद्याला धरून नाही आणि त्यावर विसंबणाऱ्याचे मोठे नुकसान करणारे आहे. मुदत कायदा, १९६३ नुसार विकलेल्या मालाच्या किमतीसाठी ३ वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो, आणि उधारीचा अवधी ठरलेला नसेल तर ही मुदत माल दिल्याच्या दिवसापासूनच सुरू होते.

आमच्याकडे वजनाची पावती घडी घालून पासबुकात जपून ठेवली जाते आणि व्यापारी ‘तूर निघू द्या, मग पाहू’ म्हणत हंगामामागून हंगाम काढतो. मात्र अशा तोंडी वायद्यांनी मुदत वाढत नाही. ती संपण्यापूर्वी त्याने देणे मान्य असल्याचे सहीनिशी लिहून दिले, तर कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून नवी मुदत मोजली जाते. ओळखीच्या माणसाकडून एवढी एक ओळ लिहून घ्यायला आपण उगाच संकोचतो. उशीर माफ करण्याची कलम ५ मधील सवलत अपिलांना व अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही. प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी मुदतबाह्य दावा न्यायालयाला फेटाळावाच लागतो.

आपण ही दुरुस्ती ठळकपणे छापावी, आणि बाजार समित्यांनी भावफलकाशेजारीच ही मुदत लिहून ठेवावी, ही विनंती.

– एक कापूस उत्पादक, दारव्हा (जि. यवतमाळ)