सस्पेन्शनची चाचणी किती भारावर घेतली, तेही छापावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑफ-रोड धावणाऱ्या साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी आसनांच्या, छोट्या चारचाकी) वाहनांच्या चाचणीचे लेख मी आवडीने वाचतो. त्यांत अश्वशक्ती, टर्बो आणि बेल्ट यांविषयी भरपूर तपशील असतो. सस्पेन्शनच्या वाट्याला मात्र ‘थोडे कडक’, ‘सुखद’, ‘मागून उसळते’ अशी दोन-चार विशेषणे येतात. चाचणीच्या वेळी वाहनात किती माणसे होती, टायरमध्ये हवा किती होती आणि शॉकअब्सॉर्बरवरचे नॉब कोठे ठेवले होते, हे कळल्याशिवाय या विशेषणांतून वाचकाच्या हाती काहीही लागत नाही.

मुख्य मुद्दा भाराचा आहे. ही वाहने बहुतांशी सहाशे ते नऊशे किलो वजनाची असतात. दोन प्रौढ माणसे, भरलेली टाकी, सुटे चाक, अवजारे आणि पाण्याचा साठा मिळून दोनशे किलोंची भर सहज पडते, आणि तिचा मोठा हिस्सा मागच्या चाकांवर येतो. एवढ्या फरकानंतर तेच वाहन, त्याच स्प्रिंगांवर, वेगळेच वागते. म्हणूनच समायोजनाची सुरुवात नेहमीच्या पूर्ण भारासह वाहन सपाट जागेवर थोडे पुढे-मागे ढकलून, दाबून स्थिर होऊ देऊन, चासीची जमिनीपासूनची उंची पुढे आणि मागे मोजण्यापासून व्हायला हवी. रिकाम्या वाहनाची उंची मोजून ती माहितीपुस्तिकेतल्या आकड्याशी ताडणे व्यर्थ आहे, जोपर्यंत तो आकडा रिकाम्या वाहनाचाच आहे असे पुस्तिका सांगत नाही.

उंची कमी भरली की स्प्रिंगवरची गोल चकती फिरवून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवतात. ते योग्यच आहे. पण प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होते हा समज इतका पसरला आहे की जाणकार म्हणवणारेही तो बोलून दाखवतात. चकती १० मिलिमीटर खाली आणली आणि शॉकची हालचाल चाकाच्या हालचालीच्या ०.६ पट असली, तर वाहन त्या टोकाला सुमारे १७ मिलिमीटर उचलले जाते. दर मिलिमीटरला लागणारे बळ तेवढेच राहते. चाकाला वर जायला थोडी अधिक जागा मिळते, आणि खाली लोंबायची जागा तितकीच घटते. शिवाय गुरुत्वमध्य वर जातो, जे अवघ्या ५० इंच रुंदीच्या वाहनात आडव्या उतारावर दुर्लक्षून चालणार नाही. शॉक वारंवार तळाला आदळत असेल, तर चकती पिळत राहणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

स्प्रिंगच्या आकड्यांबाबतही असाच घोटाळा होतो. अनेक शॉकवर दोन स्प्रिंगा एकावर एक असतात, आणि त्या एकत्र दबत असताना जोडीचा कडकपणा दोहोंपैकी कोणत्याही एकीपेक्षा कमी असतो: १५० आणि ३०० पौंड प्रति इंचाच्या (एक इंच दबायला तेवढे बळ लागणाऱ्या) स्प्रिंगा मिळून १०० चाच परिणाम देतात. दोन स्प्रिंगांमधला सरकता तुकडा शॉकवरच्या अडकणीच्या कड्याला टेकला की वरची स्प्रिंग कामातून बाद होते आणि एकटी ३०० ची उरते. हे कडे कुठे बसवले आहे, यावर वाहन मध्येच अचानक कडक वाटेल की शेवटच्या टप्प्यात सावरेल, हे ठरते. चाकापाशी जाणवणारा कडकपणा तर आणखी कमी असतो, कारण ०.६ चे गुणोत्तर तेथे वर्गाने लागू होते, म्हणजे ३०० ची स्प्रिंग चाकाला १०८ चीच वाटते. म्हणून एका मॉडेलसाठी सुचवलेली स्प्रिंग दुसऱ्या मॉडेलवर नुसता आकडा पाहून बसवू नये.

उंची जमली की मग नॉबना हात लावावा. कॉम्प्रेशनचे, म्हणजे शॉक दबताना होणाऱ्या विरोधाचे, लो-स्पीड आणि हाय-स्पीड असे भाग असतात, पण येथला वेग वाहनाचा नसून शॉकच्या दांड्याचा असतो. भरधाव जातानाही लांबट खोलगट भागात दांडा तुलनेने सावकाश सरकतो, तर मध्यम वेगात चाक धारदार दगडावर आदळले की तो झटकन आत जातो. वळणावर वाहन झुकत असेल तर पहिला भाग पाहावा, दगडांचे धक्के हाडांपर्यंत पोचत असतील तर दुसरा.

रिबाउंडचे, म्हणजे दबलेला शॉक परत उघडण्याच्या वेगाचे, निदान अधिक अवघड असते. तो फार संथ ठेवला, तर सलग उंचवट्यांवर चाक पुरते खाली येण्याआधीच पुढचा उंचवटा येतो, शॉक दर वेळी थोडा अधिक दबलेला राहतो आणि शेवटी हालचालच उरत नाही. बसणाऱ्याला हा कडकपणा वाटतो. मग तो कॉम्प्रेशन सैल करतो, आणि त्रास वाढतो. उलट रिबाउंड फार मोकळा असला तर मागचा भाग वर फेकला जातो. तक्रार दोन्हीकडे ‘मागून उसळते’ हीच असते. पहिल्याच उंचवट्यावर फेकले जात असेल तर रिबाउंड मोकळा आहे, आणि दर उंचवट्यागणिक त्रास वाढत जात असेल तर तो संथ आहे, असे साधारणपणे समजावे. एका वेळी एकच नॉब, दोन-दोन क्लिक (नॉब फिरवताना लागणाऱ्या खाचा), तोच रस्ता आणि तोच वेग, एवढे पथ्य पाळले तरच फरक कळतो. तेल तापले की पातळ होते, त्यामुळे थंड शॉकवर आलेला पहिल्या काही मिनिटांचा अनुभव ग्राह्य धरू नये.

दांड्यावर रबरी कडे सरकवून ठेवले की शॉक कुठवर दबला हे दिसते. मार्गावरच्या सर्वांत मोठ्या धक्क्यालाही निम्मीच हालचाल वापरली जात असेल, तर ते सस्पेन्शन गरजेपेक्षा कडक आहे. चारशे मिलिमीटरहून अधिक हालचालीचे वाहन घेऊन त्यातली अर्धी न वापरणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन आल्याने हे सारे कालबाह्य झाले, असाही सूर ऐकू येतो. पोलारिसने २०१८ च्या मॉडेलपासून दिलेली डायनॅमिक्स प्रणाली असो वा तशी अन्य कोणती, ती डॅम्पिंग, म्हणजे शॉकच्या हालचालीला होणारा विरोध, बदलते. पोलादी स्प्रिंग आणि तिच्यावरचा भार तसाच राहतो. उंची हातानेच जमवावी लागते, आणि ती बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंटही पुन्हा तपासावे लागते.

म्हणून विनंती अशी, की अशा वाहनाच्या प्रत्येक चाचणीलेखासोबत एक लहान चौकट छापावी: वाहनातला एकूण भार, थंड टायरमधला हवेचा दाब, भारासह पुढची व मागची उंची, आणि प्रत्येक नॉबचे क्लिक कोणत्या टोकापासून मोजले त्याच्या उल्लेखासह. शक्य झाल्यास तोच मार्ग आधी एकट्या चालकासह आणि नंतर पूर्ण भारासह पार करून दोन्ही नोंदी द्याव्यात. त्यासाठी इंजिनाच्या वर्णनातला एखादा परिच्छेद वगळावा लागला तरी माझ्यासारख्या वाचकाची तक्रार असणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक