‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’: पाचगणीच्या पुढे

महोदय,

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’वर मराठीत काही छापून आले की फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारुख बल्सारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी, ही माहिती निम्मी जागा खाते. आपल्या पुरवणीतील लेखही त्याला अपवाद नाही. माहिती खरी आहे. पण उरलेल्या जागेत ‘रेडिओला नको असलेले गाणे एका रात्रीत गाजले’ एवढ्यावरच गाण्याची बोळवण केली, ते खटकले.

गाण्याची लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद. त्या काळी सिंगल, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेली सुटी तबकडी, साधारण तीन-साडेतीन मिनिटांची असे आणि त्यामागे श्रोत्यांच्या उतावळेपणाखेरीज तबकडीचेही कारण होते. सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर जास्त वेळ बसवायचा तर खाचा एकमेकींना खेटून कोराव्या लागतात. मोठा आवाज आणि खर्ज यांनी खाच रुंद होते, म्हणून दोन्ही कमी करावे लागतात. परिणामी तबकडीचा आवाज इतरांपेक्षा बारीक येतो. शिवाय सुई आत सरकते तसा तिच्याखालून सेकंदाला कमी कमी पृष्ठभाग जातो. त्यामुळे तार स्वर बोथट होतात, आवाज फाटू लागतो. या गाण्यातला सर्वांत दणदणीत रॉक भाग चार मिनिटांनंतर, म्हणजे नेमका आतल्या वर्तुळांत येतो! तेव्हा काटछाट सुचवणारे सगळेच अडाणी नव्हते. बँड मात्र अडून बसला.

मधल्या ऑपेरा भागाबद्दल लेखात ‘भव्य कोरस’ असे शब्द आहेत. तिथे कोरस नाहीच. मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर ही तीनच माणसे गातात. सर्वांत वरचे स्वर टेलरचे. बासवादक जॉन डीकन त्यात नाही. ध्वनिमुद्रणाची सुरुवात १९७५च्या ऑगस्टमध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत झाली, निर्माता रॉय थॉमस बेकर. दोन इंच रुंदीच्या टेपवर २४ ट्रॅक (स्वतंत्र ध्वनिपट्ट्या), म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक मिलिमीटर. एकेक ओळ पुन्हा पुन्हा गाऊन ट्रॅक भरायचे, त्यांचे मिश्रण एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या जागेत पुढची ओळ घ्यायची. एकदा मिश्रण झाले की त्यातला एक आवाज नंतर वरखाली करता येत नाही. चूक सापडली तर तो थर पहिल्यापासून गायचा. प्रत्येक उतरवणीला टेपची सळसळ वाढते ती वेगळीच. टेप इतक्या वेळा यंत्रातून फिरली की तिच्यावरचा ऑक्साइडचा लेप झिजून ती आरपार दिसू लागली, असे बँडनेच सांगितले आहे. मर्क्युरीला ऑपेरा भागात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ‘गॅलिलिओ’ या हाकेची नवी भर सुचली की बेकर टेपचा आणखी एक तुकडा जोडत असे.

आता ‘एका रात्रीत’बद्दल. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर निवेदक केनी एव्हरेटने ते एका शनिवार-रविवारात १४ वेळा वाजवले. पण ब्रिटनची क्रमवारी दुकानांतल्या विक्रीवर ठरे, रेडिओवर किती वाजले यावर नव्हे. ३१ ऑक्टोबरला निघालेले सिंगल २९ नोव्हेंबरच्या यादीत पहिले आले आणि नऊ आठवडे हलले नाही. त्याला खाली खेचले ते आबा बँडच्या ‘मामा मिया’ने, हेच शब्द क्वीनच्या गाण्यातही आहेत, हा योगायोग गमतीचा. समीक्षकांत एकमत नव्हते. ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकाने तर हौशी ऑपेरा मंडळींची उपमा देऊन खिल्ली उडवली. अमेरिकेच्या क्रमवारीत मात्र रेडिओवरचे वाजणेही धरले जाई. तिथे १९७६ मध्ये ते नवव्या क्रमांकापर्यंतच गेले. लांबी तिथे नडली असावी, असे आमचे मत. पुढे १९९२ मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ चित्रपटामुळे तेच ध्वनिमुद्रण दुसऱ्या क्रमांकावर पोचले. (सिंगलच्या दुसऱ्या बाजूला टेलरचे मोटारीवरचे गाणे होते. खप पहिल्या बाजूमुळे, रॉयल्टी दोन्ही गाण्यांना सारखी. त्यावरून बँडमध्ये कुरबूर झालीच.)

शेवटी एक दुरुस्ती. हे गाणे बँड ‘मंचावर जसेच्या तसे गात असे’ हे विधान चूक आहे. ऑपेरा भाग तिघांच्या गळ्यातून एका वेळी निघणे शक्यच नव्हते. एक तर तो गाळत, नाहीतर दिवे मंद करून टेप लावत आणि चौघे आत जात. रॉक भागाला परत येत. १९८५च्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी मैफलीत तर त्यांनी फक्त पियानोवरचा सुरुवातीचा भाग घेतला आणि तिथूनच ‘रेडिओ गा गा’ हे दुसरे गाणे सुरू केले.

आपले,
काही वाचक