नानांची गोळी नाशिकलाच मिळू द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी निफाड तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदाराची मुलगी. माझ्या वडिलांना, नानांना, मल्टिपल मायलोमा आहे. अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. मुंबईत त्यांच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण झालं. त्याला सरकारी योजनेचा हातभार लागला, हे उपकार आम्ही विसरणार नाही.

घरी आलो ते लेनालिडोमाइडची चिठ्ठी घेऊन. 21 दिवस रोज एक गोळी, 7 दिवस खंड, पुन्हा 21. प्रत्यारोपणानंतरही काही रोगी पेशी दडून राहतात, त्यांना ही गोळी डोकं वर काढू देत नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ती घेणाऱ्यांचा आजार साधारण 46 महिने दबून राहिला, न घेणाऱ्यांचा 27. हा फरक म्हणजे नानांसाठी द्राक्षाचे दीड हंगाम.

गोळी दिली की आई कॅलेंडरच्या तारखेवर कुंकवाचं बोट टेकवते. पहिल्या प्रत्यारोपणानंतर आम्ही पदरमोड करून गोळ्या आणत होतो. तीन वर्षांपूर्वी गारपिटीत बाग झोपली आणि मार्च-एप्रिलची पानं कोरी राहिली. पुढच्या वर्षी आजार उलटला. गोळ्या चुकल्या म्हणूनच उलटला, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. आई मात्र ती पानं अजून काढून बघते.

दुसरं प्रत्यारोपण झालं, गोळ्या पुन्हा सुरू आहेत, आता योजनेतून. त्यासाठी दर महिन्याला मी पहाटे घर सोडून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठते. रक्ताचा रिपोर्ट, सही, शिक्का, मंजुरी. एकदा मंजुरीच आली नव्हती. रिकाम्या हाताने परतले. खिडकीवरची मुलगी तरी काय करणार होती?

साहेब, ही औषधं आपल्याच देशातल्या कंपन्या बनवतात. त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस आमच्यासाठी ठेवा. तिथेच सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी करा, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बघा आणि पुढच्या 28 दिवसांच्या गोळ्या हातात द्या. मंजुरी महिन्याची नको, सहा महिन्यांची द्या. ही गोळी गर्भाला घातक आहे, तिने रक्ताच्या गुठळ्याही होऊ शकतात. म्हणून ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच मिळावी, हे मलाही मान्य आहे. फक्त ती देखरेख नाशिकपर्यंत आणा.

नानांच्या डबीत आज नऊ गोळ्या उरल्या आहेत. पुढची मंजुरी अजून आलेली नाही.

आपली नम्र,
निफाड तालुक्यातील एका रुग्णाची मुलगी