व्यायामाचा व्हिडिओ पाठवला म्हणजे पुनर्वसन झाले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बायपास किंवा अँजिओप्लास्टी करून, किंवा दमा बळावल्यामुळे चार दिवस ऑक्सिजनवर राहून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला घरी सोडताना ‘आराम करा’ हे हमखास सांगितले जाते. घरचेही तो सल्ला इमानेइतबारे पाळतात. दीड-दोन महिने बाजेवर काढले की मांड्या वाळतात आणि मग न्हाणीपर्यंत जायलाही धाप लागते. यातली बरीचशी धाप पायांची असते. दुबळ्या स्नायूंत थोड्याशा श्रमाने आम्ल साठते आणि ते निभावायला श्वास वाढतो. घरच्यांना वाटते हृदय अजून बरे झाले नाही, आणि ते आणखी आराम देतात.

यावर उपाय आहे तो व्यायामातून पुनर्वसनाचा, म्हणजे गेलेली ताकद बेताबेताने परत मिळवण्याचा: आठ ते बारा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, देखरेखीखाली. पण किनवटहून नांदेड किंवा परंड्याहून लातूर शंभर किलोमीटरच्या वर. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे हे खरे. सोबत येणाऱ्या मुलाची किंवा सुनेची बुडालेली रोजंदारी कोण देणार? म्हणून फोनवरून पुनर्वसन, म्हणजे रुग्णाने घरी व्यायाम करायचा आणि फिजिओथेरपिस्टने फोनवरून लक्ष ठेवायचे, ही गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याला जास्त लागू पडते. फुप्फुसाच्या जुनाट आजारांतील अशा दूरस्थ कार्यक्रमांचा कॉक्रेन या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा आढावा २०२१ मध्ये निघाला. चालण्याची क्षमता आणि धाप यांत केंद्रावर जाणाऱ्यांच्या तोडीचा परिणाम दिसला. कार्यक्रम पुरा करणारे घरून १०० पैकी ९३, तर केंद्रावर ७० होते. त्यातले जवळजवळ सगळे रुग्ण सीओपीडीचे (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचे) होते, ही मर्यादा लक्षात ठेवावी.

आपल्याकडे मात्र या नावाखाली व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ येतो आणि काम संपते. समोरचा तो करतो की नाही, किती करतो, करताना ओठ निळे पडतात का, हे पाठवणाऱ्याला कळत नाही.

पहिली तपासणी समोरासमोरच व्हायला हवी. ईसीजी, रक्तदाब, वजन आणि ३० मीटरच्या सपाट पडवीत सहा मिनिटे चालण्याची चाचणी. एवढी जागा नसेल तर हात नसलेल्या, साधारण ४५ सेंटीमीटर उंचीच्या खुर्चीवरून एका मिनिटात किती वेळा उठता-बसता येते ते मोजावे. चाचणी थांबल्यावर बोटाला लावलेले, रक्तातला ऑक्सिजन मोजणारे ऑक्सिमीटर लगेच काढू नये. ऑक्सिजन सर्वांत खाली जातो तो बऱ्याचदा थांबल्यानंतरच्या मिनिटात. बसल्या जागी छातीत दुखणारे, पायांची सूज वाढत चाललेले, महाधमनीची झडप फार अरुंद झाल्याने चक्कर येणारे, रक्तदाब १८०/११० च्या वर असलेले किंवा ताप असलेले रुग्ण आधी डॉक्टरकडे. त्यांना व्यायाम नंतर.

आता फोन. माळवदाच्या घरात उजेड फक्त दारातून येतो. रुग्ण दाराकडे पाठ करून बसला की पडद्यावर काळी सावली तेवढी दिसते. चेहऱ्याचा रंग, मानेचे स्नायू ओढले जाणे, घाम, यातले काहीच दिसत नाही. उजेड तोंडावर यावा, फोन तांब्याला टेकवून गुडघ्याच्या उंचीवर, सात-आठ फुटांवर ठेवावा आणि रुग्ण कॅमेऱ्याला आडवा बसवावा, म्हणजे उठताना गुडघे आणि पाठ दिसतात. प्लॅस्टिकची खुर्ची शहाबादी फरशीवर सरकते. तिची पाठ भिंतीला टेकलेलीच हवी. बाज चालत नाही, दोरी झोळ देते.

एक सत्र ४० मिनिटांचे पुरते. आधी सात-आठ मिनिटे हातपाय मोकळे करणे. मग चालणे, धाप फार असेल तर दोन मिनिटे चालून एक मिनिट थांबणे, असे एकूण २० मिनिटांपर्यंत वाढवत न्यायचे. मग खुर्चीवरून उठ-बस आठ-दहा वेळा, दोन खेपा. भिंत धरून टाचा उचलणे तेवढेच. हातांसाठी पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली, म्हणजे अर्धा किलो. वाळू भरू नये, तीच बाटली पाऊण किलोच्या वर जाते. उचलताना श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो. उठताना ओठ गोल करून फुंकर मारत श्वास सोडायचा, दोन मोजेपर्यंत नाकाने घेतला तर चार मोजेपर्यंत सोडायचा. बायपास झालेल्यांनी पहिले दोन-तीन महिने हातावर जोर देऊन उठू नये आणि हंडा-कळशी उचलू नये. शेवटी पाच मिनिटे सावकाश चालणे टाळता येत नाही. एकदम थांबले की रक्त पायांत साचते आणि चक्कर येते.

जोर किती लावायचा हे नाडीवर ठरवू नका. मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंदावणारी गोळी चालू असेल तर श्रमाने नाडी फारशी वाढत नाही. शून्य ते दहामध्ये धाप किती, असे विचारावे आणि ती तीन-चारपर्यंत ठेवावी. साध्या भाषेत, वाक्य पुरे बोलता यावे, अभंग म्हणता येऊ नये.

ऑक्सिमीटरची गंमत वेगळीच. त्यावर दोन आकडे असतात आणि घाबरलेली घरची माणसे नाडीचा ७८ हा ऑक्सिजन समजतात. आकडे इंग्रजी असल्याने यंत्र उलट्या बाजूने पाहिले तर ९८ चे ८६ दिसतात. थंड बोटावर, नेलपॉलिशवर किंवा चालताना हलणाऱ्या हातावर आकडा चुकतो. हात चोळून गरम करावा, बसून अर्धा-एक मिनिट आकडा स्थिरावू द्यावा. तरीही ८८ च्या खाली असेल तर थांबावे. छातीत दुखणे, भोवळ, धडधड आणि थांबूनही न शमणारी धाप यांसाठी आकड्याची वाट पाहू नये.

आपल्या भागाची म्हणून काही पथ्ये आहेत. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत व्यायाम आटोपावा. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांचे अंगातले पाणी उन्हात आणखी कमी होते आणि उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते; गोळी किंवा पाणी किती, हे मनाने न बदलता डॉक्टरांना विचारावे. तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले तर ते अंगात साठलेले पाणी आहे, व्यायाम बंद. थंडीत उलट, उशिरा सुरू करावे. तुराट्या-पऱ्हाट्यांची चूल पेटलेली असताना त्याच खोलीत तर मुळीच नाही. आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या कित्येक बायकांचा दमा याच धुराचा असतो. घरी ऑक्सिजनचे यंत्र असेल तर सत्राची वेळ भारनियमन बघून ठरवावी.

हे सगळे उभे करायला नवी इमारत लागत नाही. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, ई-संजीवनी ही सरकारची दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची सेवा आहे. पहिली तपासणी तालुक्याला, पहिली दोन सत्रे उपकेंद्रात आणि पुढची घरून, एका वेळी फार तर पाच-सहा रुग्ण, म्हणजे फिजिओथेरपिस्टला प्रत्येकाचा चेहरा दिसतो. स्मार्टफोन नसेल तर साध्या फोनवरून आठवड्याला दोनदा विचारपूस करून वहीतली नोंद ऐकावी, तेही चालते. फक्त हे काम आशाताईंच्या माथी मोबदल्याविना मारू नये, एवढी विनंती.

आणि सत्र सुरू करण्याआधी दर वेळी तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: घरात आत्ता दुसरे कोण आहे, शेजाऱ्याचा नंबर काय आणि घराची खूण कोणती. रेंज मध्येच गेली तर रुग्णाने खुर्चीत बसून राहायचे आणि आपण शेजाऱ्याला फोन लावायचा, हे पहिल्याच दिवशी ठरलेले असावे. १०८ ला फोन करणाऱ्याला निदान ‘मारुतीच्या पाराजवळ’ एवढे तरी सांगता आले पाहिजे.

– हृदय व श्वसन पुनर्वसनाचे काम करणारे फिजिओथेरपिस्ट, लातूर