नंदू, ती जाहिरात नीट वाच

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

तुझी लांबलचक मेल आणि सोबतची जाहिरात, दोन्ही वाचली. जपानीच्या परीक्षेची सगळ्यात वरची पायरी, एन-१, झालीय, इतकी वर्षं जपानी शिकवतोय, तरी अजून तासिका तत्त्वावरच, मग इंग्लंडातल्या जॅपनीज स्टडीजच्या या लेक्चररच्या जागेला अर्ज ठोकून देऊ का, असं विचारलंयस. सरळ सांगतो, या जागेला नको. चिडू नकोस, पुढे वाच.

पुण्यात जपानी म्हटलं की 'मिन्ना नो निहोंगो'चं पाठ्यपुस्तक, जुलै-डिसेंबरची जेएलपीटी ही भाषेची परीक्षा, आणि एन-२ हाती पडताच आयटी कंपनीत पळणारा विद्यार्थी. इथे इंग्लंडात जॅपनीज स्टडीजच्या, म्हणजे जपानच्या अभ्यासाच्या, लेक्चररच्या खुर्चीत बसतो तो इतिहासकार, नाहीतर समाजशास्त्रज्ञ, नाहीतर साहित्याचा किंवा सिनेमाचा अभ्यासक. भाषेचे तास घेणारी माणसं वेगळी. बहुतेक जपानहून आलेल्या शिक्षिका असतात, त्यांचा करार वेगळा, बढतीची वाटही वेगळी. खोल्या एकाच बोळात, चहाही एकत्र होतो, पण एकाला संशोधनासाठी वेळ मिळतो आणि दुसरीच्या वाट्याला नुसते तास. मला हे पटत नाही. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी जपानी वर्तमानपत्र वाचू लागतो ते कुणामुळे, हे विभागात सगळ्यांना ठाऊक असतं. पण अर्ज करताना मला काय पटतं त्याला कोण विचारतो?

आणि हे आजचं नाही. १९४२ साली जपानशी युद्ध जुंपलेलं, आणि जपानी येणारी माणसं इंग्रजांकडे बोटांवर मोजण्याइतकी. मग बेडफर्डला ऑस्वाल्ड टक नावाच्या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने लॅटिन-ग्रीकमध्ये मुरलेल्या पोरांना सहा महिन्यांत जपानी शिकवली, तीही सांकेतिक संदेश उलगडण्यापुरतीच. लंडनच्या सोआसमध्ये, म्हणजे पौर्वात्य भाषा शिकवणाऱ्या कॉलेजात, तर शाळेतून उचललेली मुलं आणून बसवली. त्यांतलाच एक रोनाल्ड डोर, पुढे जपानी समाजाचा मोठा अभ्यासक झाला. युद्ध सरलं आणि सरकारचा उत्साहही सरला. विद्यापीठांतल्या पौर्वात्य अभ्यासाची पाहणी करणाऱ्या हेटर समितीच्या १९६१च्या अहवालाने सांगितलं की पौर्वात्य भाषा एकट्या ठेवू नका, त्यांना आधुनिक काळाच्या अभ्यासाची, समाजशास्त्रांची जोड द्या. शेफील्डचं जपान केंद्र १९६३ साली निघालं ते याच वाऱ्यावर. आजही मुलाखतीत तुझी जपानी किती चांगली हे कुणी फारसं विचारत नाही, ती येतेच असं धरून चालतात. विचारतात ते, तुमचा विषय कोणता?

म्हणून जाहिरातीतली 'आवश्यक' या मथळ्याखालची यादी पुन्हा वाच. पीएच.डी., छापून आलेले लेख, पुढच्या पाच वर्षांचा संशोधनाचा आराखडा, बाहेरून अनुदान आणण्याची कुवत. शिकवण्याचा अनुभव त्यांच्या खाली. हे सोपस्कार नाहीत. निवड समितीतला प्रत्येक जण त्या यादीसमोर खुणा करत अर्ज वाचतो, आणि आवश्यक रकान्यात एक फुली पडली की बाकीचे गुण कितीही असोत, अर्ज बाजूला. सरकार काही वर्षांनी सगळ्या विद्यापीठांचं संशोधन तपासून पैसे वाटतं, त्यामुळे नवा माणूस घेताना त्याचं लिखाण त्या तपासणीत कितपत चालेल हा हिशेब आधीच होतो. तिथून पुढे गेलास तर विभागासमोर संशोधनावर भाषण, नमुन्याचा तास, आणि मग समितीचे प्रश्न. मला एक प्रश्न फार आवडतो: अ‍ॅनिमे पाहून जपानच्या प्रेमात पडलेल्या पहिल्या वर्षाच्या पोरांना मेइजी काळ, म्हणजे जपानच्या आधुनिकीकरणाचा काळ, कसा शिकवाल? याला तू माझ्यापेक्षा बरं उत्तर देशील. पण तिथवर पोचायला हवं ना.

कायमची नोकरी म्हणजे सुटलो, असंही समजू नकोस. इथल्या विद्यार्थ्यांची फी २०१७ पासून २०२५ पर्यंत ९,२५० पौंडांवर गोठलेली होती, महागाई मात्र थांबली नाही. भाषेचे वर्ग लहान ठेवावे लागतात, म्हणजे खर्चिक, आणि कात्री चालते ती तिथेच. डरहॅमसारख्या नावाजलेल्या विद्यापीठाने २००३ साली आपला पूर्व आशियाई अभ्यासाचा विभागच बंद करायचं ठरवलं. अलीकडे तर देशभरातल्या विद्यापीठांतून स्वेच्छेने नोकरी सोडण्याच्या योजनांची पत्रकं फिरताहेत. पगाराचं, व्हिसाचं भेटलो की बोलू.

आता मुद्द्याचं. तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी इथल्या शंभर अर्जदारांत एकाकडेही सापडणार नाही, आणि तिचा तू मेलमध्ये उल्लेखही केला नाहीस. तुला मराठी येते, मोडी येते, आणि जपानी वाचता येतं. निप्पॉन युसेन या जपानी जहाज कंपनीने १८९३ साली कोबे ते मुंबई बोटी सुरू केल्या. जपानी कंपनीची पहिलीच दूर पल्ल्याची फेरी, जमशेटजी टाटांच्या भागीदारीत, पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या मक्तेदारीला टक्कर द्यायला. पी अँड ओने भाडं इतकं पाडलं की टाटांना माघार घ्यावी लागली. जपानी बोटी मात्र टिकल्या, कारण त्यांच्या सूतगिरण्यांच्या संघाने माल द्यायची हमी घेतली होती. पुढे जपानी कापूस कंपन्यांचे खरेदीदार वऱ्हाडात आतपर्यंत पोचले. ही गोष्ट जपानी बाजूने आणि इंग्रजी कागदांतून पुष्कळ लिहिली गेलीय. पण ज्याचा कापूस गेला, त्या जिनिंगवाल्याचं आणि अडत्याचं काय, ते आपल्या भाषेतल्या कागदांत शोधावं लागेल. मुंबईच्या पुराभिलेखागारात बसायला तुला विमानाचं तिकीट नको.

जपानी बाजूला व्यापारी पत्रांची जुनी 'सोरोबुन' शैली आणि ओढून लिहिलेलं हस्ताक्षर आडवं येईल. पण मोडीची लफ्फेदार पत्रं लावणाऱ्याला त्याची भीती वाटू नये. सराव आणि चिकाटी, दोन्हीकडे तेच लागतं.

आणखी एक विषय सुचतो. अण्णा कर्वे यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका पडली आणि १९१६ साली आपलं महिला विद्यापीठ उभं राहिलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. टोकियोच्या त्या संस्थेत तेव्हा नेमकं काय शिकवत, अण्णांनी त्यातलं काय घेतलं आणि काय सोडलं, हे दोन्हीकडचे मूळ कागद समोर ठेवून कुणी लिहिलं तर मी आधी वाचेन. पण तुझा पिंड बाजारपेठेचा, म्हणून बोटींवर माझं मत जास्त.

मेक्स्टची, म्हणजे जपानच्या शिक्षण मंत्रालयाची, संशोधक शिष्यवृत्ती ३५ वर्षांच्या आतल्यांना, ती आपल्या दोघांच्याही हातून गेली. पण पीएच.डी. करताना जपानला जायला जपान फाउंडेशनची फेलोशिप आहे, तिची चौकशी त्यांच्या दिल्लीच्या कचेरीत कर. नोंदणीसाठी दिल्ली विद्यापीठाचा पूर्व आशियाई अभ्यास विभाग बघ, जेएनयू बघ. पुण्यातच राहायचं असेल तर इतिहास विभागात एखादा आर्थिक इतिहासाचा मार्गदर्शक गाठ, जपानीचं तू सांभाळशीलच. आणि हे सगळं इंग्लंडसाठीच असं नाही. प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा तुझी झालेली आहे. पीएच.डी. हाती असली तर आपल्याकडच्या विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाच्या जागेलाही जोर येतो. तिथे सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे, आणि तासिकेच्या बिलांची वाट पाहावी लागत नाही. जागा निघत नाहीत हे मलाही माहीत आहे. निघेल तेव्हा तयार असलेलं बरं.

वहिनींना हे पत्र वाचायला दे. त्या तुझ्यापेक्षा व्यवहारी आहेत, पाच वर्षं खेचता येतील का हे त्याच ठरवतील.

बोटींच्या विषयावर दोन पानांचं टिपण लिहून पाठव. इंग्रजी सफाईदार नसलं तरी चालेल, मराठीत लिहिलंस तर उत्तमच. मी लाल पेनाने वाचणार आहे, आधीच सांगून ठेवतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या