सूचना : मुलांच्या मराठी वाचन-लेखनाची उजळणी

सर्व पालकांस,
येत्या रविवारी सकाळी १० वाजता दांडिया बाजारातल्या नेहमीच्या जागी तिसरी ते पाचवीच्या मुलांची उजळणी आहे. चाचणी नाही, गुण नाहीत.

आपल्या वडोदऱ्याच्या मुलांना ‘ळ’ किंवा तीन लिंगं शिकवायला वेळ लागत नाही. गुजरातीत दोन्ही आहेत. अडतं ते लिपीत. शाळेतल्या गुजराती लिपीत शिरोरेघ (अक्षरांवरची आडवी रेघ) नसल्यामुळे मराठी लिहितानाही ती गळते, मग शब्द कुठे संपला तेच कळत नाही. इ, ख, ज, झ यांची वळणं मिसळतात. ‘एक’ लिहिताना बरीच मुलं अ वर मात्रा देतात. गुजरातीत तसंच लिहितात, त्यामुळे रागावू नका, शेजारी नीट लिहून दाखवा. उच्चारात ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च वेगळा, तो मोठ्याने वाचल्याशिवाय येत नाही.

म्हणून आठवडाभर रोज दहा मिनिटं मुलाकडून एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या. मध्येच टोकू नका. वाक्य संपू द्या. मग पुस्तक मिटून ‘काय झालं?’ एवढंच विचारा. उत्तर अर्धं गुजरातीत आलं तरी चालेल, अर्थ कळला हे महत्त्वाचं. व्याकरणाच्या व्याख्या पाठ करून घेऊ नका, कृपया! शुद्धलेखनाला चार ओळी पुरेत.

येताना दुरेघी वही, पेन्सिल आणि मुलाच्या आवडीचं एक मराठी पुस्तक आणावं. आजी-आजोबा गोष्ट ऐकायला बसणार असतील तर शनिवारपर्यंत ग्रुपवर कळवा, खुर्च्या मांडायच्या आहेत.